आधी शाळा, मग घर

अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर नवे दुकान उघडण्याची प्रथा जैन व्यापारी कुटुंबांत आजही टिकून आहे. तालुक्याच्या गावी दोन-तीन पिढ्या स्थिरावलेली पेढी पुण्यास, नाशकास किंवा कोल्हापुरास शाखा काढते. एका भावाने पत्नी व मुलांसह तेथे जाऊन राहावे असे घरात ठरते. जागेचे भाडे व अनामत, फर्निचर, जीएसटीच्या नोंदणीत नव्या जागेची भर, बँकेकडून मिळणारी कर्जमर्यादा, घाऊक व्यापाऱ्यांशी उधारीची मुदत, या सर्व बाबींची बोलणी सहा-सहा महिने आधी सुरू होतात. मुलांच्या शाळेचा प्रश्न मात्र बहुतेक घरांत सर्वांत शेवटी, सदनिकेच्या चाव्या हाती आल्यानंतर निघतो. मग शेजाऱ्याने, नातेवाइकाने किंवा घर दाखविणाऱ्या दलालाने सुचविलेल्या शाळेत मुलांची नावे घातली जातात, आणि पुढील दहा वर्षांचा निर्णय एका दुपारी होऊन जातो.

हा क्रम उलटा करावयास हवा. आधी शाळा ठरावी, मग तिच्या आसपास घर पाहावे, आणि दुकानाचा मुहूर्त या दोहोंशी जुळवून घ्यावा. व्यवहारात हे कठीण आहे हे खरे; दुकानाची मोक्याची जागा शाळेच्या प्रवेशासाठी थांबून राहत नाही. परंतु दुकान वैशाखात उघडले म्हणून मुलांनीही वैशाखातच गाव सोडले पाहिजे, असे कोठे आहे?

शाळांचे वर्ष आणि व्यापाऱ्यांचे मुहूर्त यांचा मेळ बसत नाही, ही यातील पहिली अडचण. सीबीएसई मंडळाच्या शाळांचे वर्ष एप्रिलच्या आरंभी सुरू होते. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भात उन्हाळ्यामुळे त्या जूनच्या अखेरीस सुरू होतात. शहरातील नावाजलेल्या खाजगी शाळा प्रवेशाचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच घेतात, आणि पहिलीच्या वरच्या वर्गांत तर कोणी शाळा सोडून गेल्याशिवाय जागाच होत नाही. म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर शाळा शोधू लागलेल्या पालकापुढे निवड उरलेली नसते, उरलेल्या जागा तेवढ्या असतात. मे महिन्यात ज्या शाळेत हव्या त्या वर्गात सहज जागा मिळते, ती शाळा नवी असू शकेल, चांगलीही असू शकेल. पण जागा का शिल्लक आहे, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. बाजारभावापेक्षा स्वस्त मिळणाऱ्या मालाविषयी जो व्यापारी चार प्रश्न विचारतो, तोच शाळेच्या कचेरीत मुकाट्याने धनादेश लिहितो, हे आश्चर्य आहे.

‘सरकारी की खाजगी’ हा प्रश्न अपुरा

शहरात जाणाऱ्या कुटुंबात चर्चा होते ती ‘सरकारी शाळा की खाजगी शाळा’ अशी, आणि पाच मिनिटांत संपते. कारण सरकारी म्हणजे पडकी इमारत आणि खाजगी म्हणजे बस, टाय आणि इंग्रजी, अशी दोन चित्रे मनात आधीच तयार असतात. महाराष्ट्रातील वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. येथे शाळांचे निदान चार प्रकार आहेत. जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या शाळा हा पहिला. खाजगी संस्थेने चालविलेल्या, परंतु शिक्षकांचे वेतन शासनाकडून मिळणाऱ्या अनुदानित शाळा हा दुसरा. वेतनाचा काही भागच शासन देते अशा अंशतः अनुदानित शाळा तिसऱ्या. आणि विनाअनुदानित व 2012 च्या कायद्यानुसार निघालेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा, ज्यांचा सारा खर्च पालकांच्या शुल्कातून भागतो, त्या चौथ्या. लोक ‘खाजगी’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हा चौथा प्रकार असतो. दुसरा प्रकार चर्चेत येतच नाही.

वास्तविक याच दुसऱ्या प्रकाराशी या समाजाचे नाते जुने आहे. कुंभोज येथे 1887 मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले, आणि 1919 मध्ये कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. कारंजा व बाहुबली येथील गुरुकुले, सोलापूरचे श्राविकाश्रम, मुंबईचे महावीर जैन विद्यालय, ठिकठिकाणची जैन बोर्डिंगे ही सारी त्याच काळाच्या आगेमागे उभी राहिली. त्यामागचा विचार साधा होता: दुकान गावीच राहो, मुलाने शिकण्यासाठी शहरी जावे. आज दुकानच शहरात जाते आणि मूल मागोमाग जाते, एवढाच फरक. ज्या अनुदानित शाळांच्या कार्यकारी मंडळांवर समाजातील आजोबा-पणजोबांनी पदरमोड करून काम केले, त्या शाळांच्या आवारात नातवाने पाऊलही टाकू नये, ही स्थिती काही शहरांत दिसते. त्याला कारणे आहेत. सर्वच दोष पालकांचा नाही. अनेक अनुदानित शाळांत सेवानिवृत्त शिक्षकांच्या जागा दीर्घकाळ भरल्या गेलेल्या नाहीत, प्रयोगशाळांत धूळ आहे, पटसंख्या टिकविण्याची धडपड आहे. परंतु त्यांच्यातच अशाही शाळा आहेत जेथे गणिताचा शिक्षक वीस वर्षे त्याच फळ्यापुढे उभा आहे, आणि तसा शिक्षक महागड्या शाळेत पैसे टाकूनही सापडत नाही.

सरकारी शाळेविषयीही सरसकट बोलून भागणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी या लहानशा गावच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याचा त्यांचा उपक्रम पुढे राज्यभर गेला. मुंबई महानगरपालिकेने 2020 पासून सीबीएसई व आयसीएसई मंडळांशी संलग्न अशा स्वतःच्या शाळाही सुरू केल्या आणि तेथे प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक असतात. पाच वर्ग आणि दोन शिक्षक, म्हणजे एक शिक्षक एका वेळी दोन-तीन वर्ग सांभाळतो. हे चांगल्या शिक्षकालाच जमते. म्हणून शाळा कोणाची, यापेक्षा तिथे कोण शिकवितो, हा प्रश्न आधी यावा.

पोते उघडून पाहावे

धान्याचा व्यापारी पोते उघडून मूठभर दाणे तळहातावर घेतल्याशिवाय भाव बोलत नाही. कापडाचा व्यापारी ताग्याचा पोत चाचपतो. शाळेबाबत तळहातावर घ्यावयाचे दाणे म्हणजे मुलांच्या वह्या. नव्या शहरात ज्या शाळेचा विचार चालू आहे तेथील चौथीच्या किंवा सातवीच्या एखाद्या मुलाची गणिताची व निबंधाची वही मिळवून पाहावी. ओळखीच्या घरी ती सहज मिळते. वही नीट तपासलेली आहे का, चूक कोठे झाली हे शिक्षकाने दाखविले आहे की नुसती बरोबरची खूण करून पान उलटले आहे, निबंध मुलाचा आहे की फळ्यावरून उतरवून घेतलेला, हे पाहण्यास शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही. चाळीस वह्यांत एकच निबंध शब्दशः आढळला तर त्या शाळेच्या वातानुकूलित वर्गांचे फारसे कौतुक करू नये.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या टिकून राहण्याची. गेल्या तीन वर्षांत या वर्गाला शिकविणारे किती शिक्षक बदलले, हा प्रश्न मुख्याध्यापकांना सभ्यपणे विचारता येतो. अनुदानित शाळेत शिक्षकाची नोकरी 1977 च्या कायद्याने संरक्षित आहे आणि वेतन शासनाचे, त्यामुळे तो सहसा टिकतो. दोष असला तर तो रिक्त जागांचा असतो. विनाअनुदानित शाळेत इमारत झळझळीत असली, तरी शिक्षकाला मिळणारा पगार पाहता तो वर्षभरात शेजारच्या शाळेत जातो, असे पुष्कळदा घडते. दरवर्षी नवा चेहरा पाहणारे मूल कोणाकडे शंका घेऊन जाणार? मग शिकवणी लागते. आणि शिकवणी लागलीच, तर शुल्क कशाचे भरले हा हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे. कायद्याने शाळेच्या शिक्षकास खाजगी शिकवणी घेण्यास मनाई आहे, हेही येथे लक्षात असू द्यावे.

वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी, म्हणजे सहावी ते आठवीसाठी, विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांचे निदान एकेक शिक्षक असावेत आणि पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, असे कायद्याचे परिशिष्ट सांगते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. शिक्षक, वर्गखोल्या, पटसंख्या यांची माहिती शाळा त्या क्रमांकाखाली दरवर्षी शासनाला देते. ती पाहून शाळेत जावे आणि तेथे दिसते त्याच्याशी ताडून पाहावी. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी अर्धा तास उभे राहणे हाही एक उत्तम मार्ग आहे. माहितीपुस्तिकेत न छापलेल्या पुष्कळ गोष्टी तेथे उभ्या असलेल्या आयांकडून कळतात.

आता पैशाचा हिशेब. विनाअनुदानित शाळेचे पहिलीचे शुल्क वर्षाला 1 लाख रुपये आहे व ते दरसाल सरासरी 10 टक्क्यांनी वाढते असे धरले, तर दहावीत ते सुमारे 2 लाख 36 हजारांवर जाते आणि पहिली ते दहावीची बेरीज सुमारे 15 लाख 94 हजार रुपये होते. मुले दोन असतील तर ही रक्कम 32 लाखांच्या आसपास पोहोचते. यात बस, गणवेश, पुस्तके, सहली आणि शिकवणी धरलेली नाही. एवढे भांडवल नव्या दुकानात घालावयाचे असते तर घरातील चारही भाऊ कागद घेऊन बसले असते. हा खर्च करू नये असे नव्हे. चांगल्या शिक्षणासाठी केलेला खर्च या समाजाने कधीच वाया गेलेला मानला नाही. पण नवे दुकान पहिली दोन-तीन वर्षे रांगत असते, आणि नेमक्या त्याच वर्षांत चढे शुल्क सुरू झाले की धंद्याच्या पहिल्या झटक्यास मुलाची शाळा बदलण्याची वेळ येते. महाग शाळेत घालून तिसऱ्या वर्षी काढण्यापेक्षा मधल्या खर्चाची शाळा दहा वर्षे टिकविणे मुलाच्या दृष्टीने किती तरी बरे.

शुल्काच्या बाबतीत पालक समजतात तितके असहाय नाहीत. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 नुसार शाळेने शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. या समितीवरील पालक सोडत काढून निवडले जातात, आणि ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे कायम राहते. मंजूर शुल्काचा तपशील सूचनाफलकावर लावावा लागतो. प्रवेश घेण्यापूर्वी तो फलक वाचावा. देणगीच्या नावाखाली मागितलेली रक्कम पावतीशिवाय देणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानात बिलाशिवाय माल विकत नसल्याचे अभिमानाने सांगू नये. शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी देणगी घेण्यास, तसेच मुलाची वा पालकांची चाचणी-मुलाखत घेण्यास मनाई केली आहे. चाचणी घेतल्यास पहिल्या वेळी 25 हजार व पुढील प्रत्येक वेळी 50 हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एका वेळी एकच बदल

एवढे सगळे पाहून शाळा चांगली ठरली, तरी ती त्या मुलासाठी त्या वर्षी योग्य आहे का, हा प्रश्न उरतो, आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबासाठी तोच सर्वांत मोठा आहे. गाव बदलले म्हणजे मुलाचे मित्र, अंगण, आजी-आजोबा आणि ओळखीचे रस्ते एकदम सुटतात. त्याच वेळी त्याचे माध्यमही मराठीचे इंग्रजी केले आणि मंडळही राज्याचे केंद्रीय केले, तर एका वर्षात त्याच्यावर तीन ओझी पडतात. सहावीतील मुलाने पाचवीपर्यंत ‘अपूर्णांक’, ‘लसावि’, ‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दांनी विचार केलेला असतो. आता तेच ज्ञान त्याच्या डोक्यात असूनही तोंडात शब्द नसतात. शिक्षक विचारतात, त्याला येत असते, आणि तो गप्प बसतो. गावच्या शाळेत पहिल्या पाचांत येणारा मुलगा नव्या शाळेत पहिल्या सहामाहीत मागच्या बाकावर जातो, तो पुष्कळदा बुद्धीने कमी पडला म्हणून जात नाही. घरी दुकानाची घडी बसविण्यात सारे गुंतलेले असतात, आणि त्याने बोलणे कमी केले आहे हे दिवाळीच्या सुट्टीत आजीच्या लक्षात येते.

यासाठी वय पाहून निर्णय करावा. मूल पहिली-दुसरीत असेल तर माध्यम बदलणे फारसे जड जात नाही; त्या वयात भाषा कानातून शिकली जाते. तिसरी ते सातवीच्या मुलासाठी सेमी-इंग्रजीचा मार्ग महाराष्ट्रात उपलब्ध आहे आणि तो अनुदानित शाळांत मोठ्या प्रमाणावर मिळतो: गणित व विज्ञान इंग्रजीत, बाकीचे विषय मराठीत. राज्याने 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केल्यामुळे अशा मुलाला इंग्रजी अगदीच परकी नसते. पहिले वर्ष सेमी-इंग्रजीत स्थिरावून पुढे हवे तर पूर्ण इंग्रजी माध्यम घेता येते. गुजराती वा मारवाडी बोलणाऱ्या घरांतील मुलांच्या बाबतीत घरची भाषा, शेजारची मराठी, शाळेची इंग्रजी आणि अभ्यासक्रमातील हिंदी अशा चार भाषा आधीच असतात; तिथे तर घाई मुळीच नको.

आठवीनंतर माध्यम बदलू नये, असेच सांगावे लागते. नववी-दहावीत तर शाळाही बदलावी लागू नये. सीबीएसईमध्ये नववी व दहावी मिळून दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम मानला जातो. दहावीत थेट प्रवेश सहसा मिळत नाही, पालकांच्या बदलीसारखे सबळ कारण व मंडळाची संमती लागते. शाखा काढण्याची वेळ आणि थोरल्या मुलाची नववी एकाच वर्षी आली, तर दोन वर्षे त्याने आजी-आजोबांजवळ गावीच राहणे हा कमीपणाचा मार्ग मानण्याचे कारण नाही. एकत्र कुटुंबाचा हाच तर उपयोग आहे. धाकट्याने आईवडिलांबरोबर जावे, थोरल्याने दहावी करून मागाहून यावे. असे पूर्वी बोर्डिंगात होत असे. आता ते घरच्या घरी होईल.

पाचवीच्या मुलाबाबत एक बारीकशी गोष्ट अनेकांच्या ध्यानी येत नाही. जवाहर नवोदय विद्यालयाचा प्रवेश सहावीत परीक्षेने होतो, आणि उमेदवार ज्या जिल्ह्यात पाचवी शिकत असेल त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी त्याला बसता येते. शिवाय निदान 75 टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. हुशार मुलास पाचवीच्या वर्षी शहरात हलविले की गावाकडची ही संधी त्याच्या हातून जाते.

निर्णय घेताना घरातील सुनेचा शब्द शेवटचा नव्हे, पहिला असावा. शाखा चालविणारा पुरुष सकाळी नऊला जातो आणि रात्री नऊला येतो. शाळेतून आलेली सूचना वाचणे, पालकसभेस बसणे, गृहपाठ पाहणे हे सारे नव्या गावात, ओळखी नसताना, तिच्या वाट्यास येते. तिचे शिक्षण मराठी माध्यमात झाले असेल आणि शाळेचा सारा व्यवहार इंग्रजीत असेल, तर ज्या आईने पाचवीपर्यंत मुलाचा अभ्यास उत्तम घेतला तीच एका वर्षात अभ्यासातून बाहेर पडते. तिला इंग्रजी शिकता येते आणि पुष्कळजणी शिकतातही. पण त्याला दोन वर्षे लागतात, आणि ती दोन वर्षे धरून शाळा निवडावी.

अंतराचा विचार यालाच लागून येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार ‘जवळची शाळा’ म्हणजे पाचवीपर्यंत एक किलोमीटर व आठवीपर्यंत तीन किलोमीटर. शहरात मुले दहा-पंधरा किलोमीटर बसने जातात. मूल सकाळी सातला निघून संध्याकाळी पाच-साडेपाचला परतते. डिसेंबरात पुण्याचा सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आहे तेथे बस वाहतुकीत अडकली की एक तर मूल उपाशी झोपते किंवा नियम मोडतो. आणि रोज मोडणारा नियम फार दिवस नियम राहत नाही. खेळ, वाचन, पाठशाळा यांचा वेळ याच दोन तासांत विरघळतो तो वेगळाच. चालत जाण्याच्या अंतरावरील साधी शाळा आणि तासाभराच्या अंतरावरील नावाजलेली शाळा यांची तुलना करताना हे रोजचे दोन तास तराजूत घालावेत.

भोजनाविषयी घरोघरी शंका असतात, त्यांपैकी काही निराधार आहेत. शासकीय व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत माध्यान्ह पोषण आहार मिळतो. 2023 च्या अखेरीस राज्याने त्यात अंड्यांचा समावेश केला तेव्हा शाकाहारी कुटुंबांत चिंता उत्पन्न झाली. पण त्याच निर्णयात अंडी न खाणाऱ्या मुलांना केळी वा अन्य फळ देण्याची सोय होती, आणि घरचा डबा नेण्यास मुलाला कोणी अडवीत नाही. याउलट काही महागड्या शाळांत सर्वांनी शाळेच्याच भोजनगृहात जेवले पाहिजे असा दंडक असतो. तेथे स्वयंपाकघर एक की दोन, कंदमुळे न खाणाऱ्या मुलासाठी काय व्यवस्था, हे शुल्क भरण्यापूर्वी विचारावे.

राज्य ओलांडताना

बंगळूर, हैदराबाद, चेन्नई किंवा अहमदाबाद येथे जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न निराळा आहे. तेथील सरकारी शाळा बहुधा त्या राज्याच्या भाषेत चालते, आणि चौथीतील मराठी मुलास कन्नड वा तमिळ माध्यमात घालणे शक्य नाही. बेळगाव-निपाणी भागात कर्नाटक शासनाच्या मराठी शाळा आहेत. पण बंगळुरास जाणाऱ्याला बहुतेक वेळा खाजगी इंग्रजी शाळा हाच मार्ग राहतो. तो पर्याय म्हणून नव्हे, खर्च म्हणून आधीच हिशेबात धरावा. केंद्रीय विद्यालये आहेत, मात्र त्यांच्या प्रवेशक्रमात केंद्र शासनाचे बदलीपात्र कर्मचारी आधी येतात. व्यापाऱ्याच्या मुलाचा क्रमांक फार खाली लागतो.

इंग्रजी शाळा घेतली तरी राज्याची भाषा चुकत नाही. तमिळनाडूने 2006, कर्नाटकाने 2015, तेलंगणाने 2018 आणि गुजरातने 2023 मध्ये आपापली भाषा शाळांत अनिवार्य करणारे कायदे केले. महाराष्ट्राचाही मराठीविषयीचा असा कायदा 2020 पासून आहे आणि तो सर्व मंडळांच्या शाळांना लागू आहे. राजस्थानातून वा गुजरातेतून येथे येणाऱ्या मुलास मराठी शिकावीच लागेल. व्यापाऱ्याच्या मुलाने गिऱ्हाइकाची भाषा शिकण्यात तोटा कसलाच नाही. फक्त ती शिकवणारे कोणी तरी उन्हाळ्याच्या सुट्टीतच गाठावे, म्हणजे शाळा सुरू होताना मुलास निदान अक्षरे येतील.

दाखला

मध्येच गाव बदलणाऱ्यांच्या बाजूने कायद्याने बरेच काही केले आहे. आठवीपर्यंतच्या मुलास शासकीय वा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे. आधीच्या शाळेने दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारता कामा नये. वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा वर्ष सुरू झाले म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. विनाअनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क मात्र नाही. तेथे जागा देणे त्या शाळेच्या हाती आहे. आणि अल्पसंख्याक संस्थांना शिक्षणहक्क कायदाच लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला. जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला तो त्याच वर्षी जानेवारीत. त्यामुळे समाजाच्याच संस्थेच्या शाळेत जाताना, ‘आपलीच शाळा आहे’ एवढ्यावर न थांबता तिचे प्रवेशाचे नियम लेखी मागून घ्यावेत.

या दर्जाशी संबंधित एक काम गाव सोडण्यापूर्वीच करावयाचे आहे. शाळेच्या नोंदवहीत धर्माच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहावे. कित्येक मुलांच्या नावापुढे ‘हिंदू’ किंवा ‘हिंदू-जैन’ अशी नोंद असते, आणि अकरावीच्या किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशात अल्पसंख्याक कोट्यातील जागा मागताना ती आडवी येते. आडनावाच्या स्पेलिंगमधील फरक, जन्मतारखेतील एखादा अंक, आईचे नाव यांचेही तसेच. मूल शाळेत शिकत असेपर्यंत या दुरुस्त्या कागदपत्रे देऊन करून घेता येतात. दाखला हाती घेऊन शाळा सोडल्यानंतर ते फार कठीण होते. परराज्यात जायचे असेल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही निघतानाच करून घ्यावी, कारण अनेक शाळा ती मागतात आणि तेवढ्यासाठी दुकान बंद ठेवून परत यावे लागते. दाखल्याबरोबर मुलाच्या मागील दोन वर्षांच्या गुणपत्रिका, आधार कार्डाची प्रत आणि त्याचा सरल क्रमांक घ्यावा. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो व परत मिळत नाही. त्याच्या दोन-तीन साक्षांकित प्रती घरच्या कागदपत्रांत ठेवाव्यात.